गोव्याचे हवामान वाचायला कसे शिकावे

जून उजाडला की गोव्यात घरोघरी पावसाचीच चर्चा सुरू होते. वाळपईत किती इंच झाला, सांग्यात किती झाला, पणजीत ‘अठरा जून’ नावाच्या रस्त्यावर पाणी भरले का, वेधशाळेने पिवळा इशारा दिला की नारंगी, हे सगळे आपण रोज वाचतो आणि विसरूनही जातो. तो पाऊस त्याच दिवशी का पडला, आदल्या दिवशी तितकेच काळे ढग असूनही का पडला नाही, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर तज्ज्ञांनाच ठाऊक असते असा समज आहे. प्रत्यक्षात शाळेत शिकलेले विज्ञान, एक वही आणि काही आठवड्यांची नेमाने केलेली नोंद एवढ्या भांडवलावर या प्रश्नांची बरीचशी उत्तरे स्वतःला शोधता येतात. त्यासाठी काय पाहावे, कोणत्या वेळी पाहावे आणि पाहिलेल्याचा अर्थ कसा लावावा, हे येथे सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. वातावरणात जे काही घडते ते फरकामुळे घडते. दोन ठिकाणच्या दाबांत फरक असेल तर वारा वाहतो. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानांत फरक असेल तर त्या वाऱ्याची दिशा दिवसातून दोनदा पालटते. खालची आणि वरची हवा यांच्या तापमानांत पुरेसा फरक असेल तर ढग उंच वाढतो. म्हणून ‘आज दाब १००६ आहे’ ही सुटी नोंद जवळजवळ निरुपयोगी असते. काल याच वेळी तो किती होता आणि आज केरळात किंवा मुंबईत किती आहे, हे शेजारी लिहिले की त्या आकड्याला अर्थ येतो.

साधने आणि वेळ

साधने मोजकीच लागतात. गच्चीवर किंवा मोकळ्या जागी उंच काठीला बांधलेली हलक्या कापडाची फीत, एक होकायंत्र, साधा तापमापक, सरळ भिंतींचा डबा किंवा बाटली, आणि ज्यात दाबमापक संवेदक बसवलेला असतो असा फोन. असा फोन नसेल तर पणजी वेधशाळेचा किंवा दाबोळी आणि मोपा येथील विमानतळांचा आकडा इंटरनेटवर मिळतो, तो घ्यावा.

पावसाची नोंद सकाळी ८.३० वाजता करावी. भारतीय हवामान खाते २४ तासांचा पाऊस याच वेळेपर्यंतचा धरते, त्यामुळे आपला आकडा अधिकृत आकड्याशी ताडून पाहता येतो. डबा तोंडापासून तळापर्यंत सारख्या रुंदीचा असेल तर त्यात साठलेल्या पाण्याची उंची, मिलिमीटरमध्ये, हाच पाऊस होय. त्याचे क्षेत्रफळ मोजावे लागत नाही. बाटलीचा तळ वाकडातिकडा असतो, म्हणून त्यात आधी थोडे पाणी घालून सपाट पातळी आणावी आणि तेथे शून्याची खूण करावी. डबा माडाखाली किंवा पागोळ्यांजवळ ठेवू नये. जवळच्या झाडाची किंवा भिंतीची जितकी उंची असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो असावा. जमिनीवरून उडणारे शिंतोडे आत जाऊ नयेत म्हणून तो वीतभर उंचीवर बसवावा. जुलैतल्या एखाद्या रात्री लहान डबा भरून वाहू शकतो. तशी चिन्हे दिसली तर मध्येच मोजून, वहीत लिहून, डबा रिकामा करून पुन्हा ठेवावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी, आणि गोव्यातल्या वर्तमानपत्रांना प्रिय असलेला एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गोव्यात सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ११८ इंचांच्या घरात, पाऊस पडतो.

दाब: कालच्या त्याच वेळेशी तुलना

हवेचा दाब म्हणजे आपल्या डोक्यावरच्या हवेच्या स्तंभाचे वजन. समुद्रसपाटीला तो सरासरी १०१३ हेक्टोपास्कल असतो, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टन हवेचा भार असतो. वर जावे तसा डोक्यावरचा स्तंभ आखूड होतो आणि दाब घटतो. किनाऱ्याजवळ दर साडेआठ मीटर चढाला साधारण एक हेक्टोपास्कल कमी होतो. हे स्वतः पाहण्यासाठी दोनापावलच्या धक्क्यावर फोनमधला दाब वाचावा आणि लगेच ताळगावच्या पठारावर जाऊन पुन्हा वाचावा. फरक ठळक दिसतो. हाच फरक नवशिक्याला चकवतो. एके दिवशी तळमजल्यावर आणि दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर नोंद केली तर दाब दीड हेक्टोपास्कलने उतरल्यासारखा दिसेल, जरी हवामानात काहीच बदललेले नसेल. फोन नेहमी एकाच जागी, एकाच उंचीवर ठेवून वाचावा.

दुसरी फसगत याहून मोठी आहे आणि ती आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांतच प्रकर्षाने जाणवते. गोव्यात दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो वरच्या टोकाला असतो, दुपारी चारच्या सुमारास खालच्या; रात्री दहाला पुन्हा वर आणि पहाटे चारला पुन्हा खाली. सूर्याच्या उष्णतेने वरच्या वातावरणात उठणाऱ्या लाटांचा हा परिणाम आहे, आणि सकाळ ते दुपार एवढ्यातच तो दोन-तीन हेक्टोपास्कलचा फरक घडवतो. ज्याला हे ठाऊक नसते तो स्वच्छ उन्हाच्या दुपारी दाब उतरताना पाहून वादळाची भीती बाळगतो. उपाय सोपा आहे: आज सकाळी दहाचा दाब काल सकाळी दहाच्या दाबाशी ताडावा, दुपारी चारचा कालच्या दुपारी चारच्या दाबाशी. चोवीस तासांत दोन-तीन हेक्टोपास्कलची घट झाली तर आपल्या भागात तिची दखल घ्यावी, आणि तीच घट दुसऱ्या दिवशीही चालू राहिली तर समुद्रावर काय शिजते आहे हे नकाशात पाहावे.

आठवडाभर दर दोन तासांनी दाब लिहून आलेख काढला की हा रोजचा चढउतार डोळ्यांसमोर उभा राहतो. हवामानशास्त्र शिकण्यासाठी याहून सोपा आणि इतका समाधान देणारा प्रयोग माझ्या माहितीत नाही. प्रत्येक विद्यालयाने तो करावा असे मला मनापासून वाटते.

वारा आणि पृथ्वीचे फिरणे

वाऱ्याला तो जिकडून येतो त्या दिशेचे नाव देतात. नैऋत्य वारा नैऋत्येकडून येतो. फितीकडे पाहून दिशा लिहावी आणि वेगासाठी भोवतालच्या खुणा वापराव्यात. पाने आणि लहान डहाळ्या सतत हलत असतील तर वेग ताशी १२ ते १९ किलोमीटर, धूळ आणि कागद उडू लागले तर २० ते २८, छत्री सांभाळणे अवघड झाले तर ३९ ते ४९, आणि अख्खी झाडे डोलून वाऱ्याविरुद्ध चालणे कष्टाचे झाले तर ५० ते ६१. ही बोफर्ट मापनपट्टीची पद्धत आहे आणि समुद्रावर ती अजूनही कामाला येते. माड थोड्या वाऱ्यातही चुडते हलवतो, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नये. आंबा किंवा फणस काय करतो तेही पाहावे.

वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो असे आपण शाळेत शिकलो. हे अर्धेच खरे आहे. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाहती हवा आपल्या उजवीकडे वळते. याला कोरिऑलिस परिणाम म्हणतात. जमिनीच्या घर्षणापासून दूर, सुमारे एक किलोमीटरवर, दाबाच्या फरकाचा ओढा आणि हा उजवीकडचा कल एकमेकांना तोलून धरतात, आणि वारा कमी दाबाकडे थेट न जाता समदाब रेषांना (नकाशावर सारख्या दाबाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांना) जवळजवळ समांतर वाहू लागतो. जमिनीलगत घर्षणामुळे वेग घटतो, तोल किंचित ढळतो आणि वारा कमी दाबाकडे तिरका झुकतो. डच शास्त्रज्ञ बायस बॅलट यांनी १८५७ साली यावरून एक व्यवहारोपयोगी नियम मांडला: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले असता कमी दाब आपल्या डाव्या हाताला असतो. तो पाठ करून ठेवावा, पुढे लागणार आहे.

आता थोडे गणित. कोरिऑलिस परिणाम विषुववृत्तावर शून्य असतो आणि ध्रुवांकडे वाढत जातो. गोवा सुमारे १५.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे येथे हा परिणाम ४५ अंशांवरील प्रदेशांच्या तुलनेत ४० टक्क्यांहूनही कमी आहे. समजा तिरुवनंतपुरमपेक्षा पणजीत दाब ४ हेक्टोपास्कलने कमी आहे; दोहोंमधले उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ७८० किलोमीटर. एवढ्या फरकाला तोलून धरण्यासाठी घर्षणाच्या वरच्या थरात पश्चिमेचा वारा ताशी सुमारे ४० किलोमीटरने वाहावा लागतो. हाच फरक, याच अंतरात, फ्रान्समध्ये असता तर ताशी १५-१६ किलोमीटरचा वारा पुरला असता. आपल्याकडे दाबातले लहान फरकही मोलाचे का, याचे उत्तर या आकडेमोडीत आहे. हा तोल साधायला वेळ लागतो आणि विषुववृत्ताच्या अगदी जवळ तो लागूच पडत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

खारा वारा आणि मतलई

नोव्हेंबर ते एप्रिल हा निरीक्षण सुरू करण्याचा उत्तम काळ, कारण तेव्हा मोठ्या हवामान-यंत्रणा बहुधा शांत असतात आणि जमीन व समुद्र यांच्यातला रोजचा व्यवहार उघडा पडतो. जानेवारीत सकाळी सात वाजता मिरामारच्या वाळूवर उभे राहिल्यास वारा पूर्वेकडून, जमिनीवरून समुद्राकडे जाताना जाणवतो; तो थंड आणि कोरडा असतो. ही मतलई. दहा-अकराच्या सुमारास फीत लोंबकळते, काही वेळ पानही हलत नाही आणि उकाडा एकदम वाढल्यासारखा वाटतो. मग पश्चिमेकडून पहिली झुळूक येते, समुद्राच्या सपाट पृष्ठभागावर बारीक काळसर सुरकुत्या किनाऱ्याकडे सरकताना दिसतात, आणि काही मिनिटांत फीत उलट्या दिशेला ताठ होते. हवेतला ओलावाही त्याच वेळी वाढतो. तापमापकाचा पारा चढायचा थांबतो किंवा अंशभर उतरतो. दुपार कलते तसा हा खारा वारा पश्चिमेकडून वायव्येकडे सरकतो आणि तीन-चारच्या सुमारास सर्वांत जोरात असतो.

यामागचे कारण असे. सारख्याच वजनाच्या कोरड्या मातीला जितकी उष्णता लागते त्याच्या चौपट-पाचपट उष्णता पाण्याला तेवढेच तापायला लागते, शिवाय समुद्रात ती खोलवर मिसळून जाते. जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा फुगते, वर सुमारे एक किलोमीटरवर ती समुद्राच्या दिशेने सरकते. जमिनीवरच्या स्तंभातली हवा घटल्यामुळे तेथील दाब जेमतेम एखाद्या हेक्टोपास्कलने उतरतो, आणि तेवढ्या फरकाने समुद्रावरची हवा आत शिरते. दुपारभर ती वायव्येकडे वळत जाते त्यामागे किनाऱ्यावर आधीच वाहणारे उत्तरेकडचे वारे आणि कोरिऑलिस परिणाम, दोन्ही आहेत.

वहीत रोज एकच वेळ अचूक लिहावी: खारा वारा किती वाजता सुरू झाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस पूर्वेकडचे वारे जोरात असतात आणि ते खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत समुद्रावरच अडवून ठेवतात. अशा दिवशी पणजीचे कमाल तापमान ३५ अंशांच्या वर जाते. ‘यंदा फेब्रुवारीतच उन्हाळा’ अशी बातमी येते तेव्हा आपली वही उघडावी. बहुधा त्या दिवशी वारा फिरण्याची वेळ दोन-तीन तास लांबलेली आढळते.

ढगाचा तळ मोजणे

हवेत किती वाफ मावते हे तापमानावर ठरते. एका अंशाच्या वाढीने ही क्षमता सहा-सात टक्क्यांनी वाढते. हवा थंड करत गेले की एका तापमानाला ती संपृक्त होते, तो दवबिंदू. सापेक्ष आर्द्रतेपेक्षा दवबिंदू पाहण्याची सवय लावावी, कारण सापेक्ष आर्द्रता तापमानाबरोबर दिवसभर वरखाली होत राहते, तर दवबिंदू हवेत खरोखर किती ओलावा आहे ते सांगतो. गोव्यात तो २४-२५ अंशांवर गेला की घाम सुकेनासा होतो.

हवा वर चढते तेव्हा कमी दाबात प्रसरण पावते आणि त्या कामात तिची स्वतःची ऊर्जा खर्च होऊन ती थंड होते, किलोमीटरमागे सुमारे ९.८ अंश. दवबिंदूही किंचित उतरतो. या दोन आकड्यांवरून एक सोयीचा हिशेब निघतो: जमिनीवरचे तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या प्रत्येक अंशाच्या फरकाला १२५ मीटर धरावेत, आणि जो गुणाकार येईल ती राशिमेघाच्या (कापसाच्या ढिगासारख्या ढगाच्या) तळाची अंदाजे उंची. डिसेंबरच्या दुपारी तापमान ३२ आणि दवबिंदू १८ असेल तर तळ १,७५० मीटरवर. एप्रिलमध्ये ३३ आणि २५ असेल तर १,००० मीटर. जुलैत २८ आणि २५ असेल तर केवळ ३७५ मीटर. आता चोर्ला घाटाची उंची डोळ्यांसमोर आणावी, ती सुमारे ८०० मीटर आहे. जुलैत ढग घाटमाथ्याच्या बऱ्याच खाली तयार होतात, म्हणून त्या महिन्यात घाट चढताना मोटार धुक्यात नव्हे, ढगात शिरत असते.

ढग बनला की चढणाऱ्या हवेचे वर्तन बदलते. वाफेचे पाणी होताना प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे २,५०० किलोज्यूल इतकी सुप्त उष्णता मोकळी होते, त्यामुळे आता हवा किलोमीटरमागे ४-५ अंशांनीच थंड होते. भोवतालची हवा याहून वेगाने थंड होत असेल तर ढगातली हवा उबदार, म्हणून हलकी राहते आणि आपणहून चढत जाते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर सह्याद्रीच्या माथ्यावर फुलकोबीसारखे वाढणारे गडगडाटी ढग असेच तयार होतात. वरचे वारे पूर्वेचे असतील तर ते संध्याकाळी सत्तरी, धारबांदोड्याकडून किनाऱ्याकडे सरकतात. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरट झाला की वीज पडण्याचा धोका गृहीत धरावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते; पण गडगडाट ऐकू आला एवढेच घरात जाण्यास पुरेसे कारण आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप यासाठी फोनवर असावे.

मान्सून: गोव्यासमोरचा मोठा धडा

मे महिन्यात उत्तर भारताची जमीन तापून तेथे कमी दाबाचा विस्तीर्ण पट्टा तयार होतो आणि दक्षिण हिंदी महासागरावर दाब जास्त असतो. दक्षिण गोलार्धातले आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडतात, उजवीकडे वळतात आणि नैऋत्य वारे म्हणून अरबी समुद्रावरून येतात. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ, सुमारे दीड किलोमीटर उंचीवर, या प्रवाहाचा एक अरुंद वेगवान झोत असतो. आपल्याकडे हवामान नकाशात ८५० हेक्टोपास्कल पातळीचा वारा पाहावा असे सांगतात ते याचसाठी. ती पातळी साधारण दीड किलोमीटरवर असते.

नुसता पाऊस पडला म्हणजे मान्सून आला असे होत नाही. केरळात आगमन जाहीर करताना १० मेनंतर ठरावीक १४ केंद्रांपैकी निदान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झाला आहे का, पश्चिमेचे वारे ६०० हेक्टोपास्कलपर्यंत, म्हणजे चार किलोमीटरच्या वर, पोहोचले आहेत का, आणि उपग्रहाला दिसणारे ढगांचे आवरण पुरेसे दाट आहे का, हे तिन्ही तपासतात. केरळात सर्वसाधारण तारीख १ जून. गोव्यात तो त्यानंतर आठवडाभरात पोहोचतो. घरच्या घरी एक खूण पाहता येते. वळिवाच्या दिवसांत वारा पालटत राहतो, पाऊस दुपारनंतर गडगडाटासह येतो. मान्सून स्थिरावला की फीत रात्रंदिवस पश्चिम आणि नैऋत्य यांच्या दरम्यानच राहते, खारा वारा आणि मतलई यांची रोजची पाळी मोडते, गडगडाट कमी होतो आणि पाऊस रात्री किंवा पहाटेही सरीवर सरी कोसळतो.

मग पाऊस कुठे जास्त? ओल्या हवेपुढे सह्याद्री आडवा उभा आहे. तिला वर चढावेच लागते आणि चढता चढता ती रिती होते. म्हणून वाळपई, केपे, सांगे येथील आकडे बहुधा पणजी, मुरगावपेक्षा मोठे असतात, आणि घाट ओलांडून खाली उतरणारी हवा पुन्हा तापत, कोरडी होत गेल्यामुळे बेळगावात गोव्याच्या निम्म्याहूनही कमी पाऊस पडतो. मात्र सगळे श्रेय डोंगराला देणे चुकीचे ठरेल. किनाऱ्यालगत समुद्रावर अनेकदा कमी दाबाचा एक उभा, उथळ पट्टा तयार होतो, कधी तो केरळपासून गुजरातपर्यंत पसरतो. त्यात वारे एकत्र येतात, हवेला वर जाण्यावाचून वाट उरत नाही, आणि डोंगरापासून दूर असलेल्या पेडण्याच्या किनाऱ्यावरही धो धो पाऊस होतो. वेधशाळेच्या बुलेटिनमध्ये या पट्ट्याचा उल्लेख आला की आपली वही तयार ठेवावी.

जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरात, ओडिशाजवळ, कमी दाबाचे क्षेत्र बनले की एक-दोन दिवसांत गोव्यात पावसाचा जोर वाढल्याचे पुष्कळदा दिसते. हजार किलोमीटरवरच्या घटनेचा आपल्याशी काय संबंध, याचे उत्तर वरच्या गणितात आहे: उत्तरेकडे दाब आणखी उतरला, दक्षिणेकडे होता तेवढाच राहिला, फरक वाढला, त्याबरोबर पश्चिमेचा वारा वाढला आणि सह्याद्रीवर आदळणारी वाफही वाढली. उलट उत्तर भारतावरचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की किनाऱ्यावर उघडीप येते.

अशा उघडिपीत एक सुंदर निरीक्षण करता येते. ढगांचे आवरण फाटलेले असताना खाली धावणारे करडे ढग पश्चिमेकडून पूर्वेला जाताना दिसतात. त्याच वेळी खूप उंचावरचे पांढरे तंतुमेघ मात्र पूर्वेकडून पश्चिमेला सरकत असतात. विजेचा खांब किंवा छपराची कड नजरेच्या रेषेत धरून पाच-दहा मिनिटे स्थिर उभे राहिल्यास ही उलटसुलट चाल स्पष्ट कळते. या महिन्यांत तिबेटचे पठार आणि उत्तर भारत यांवरची हवा विषुववृत्तावरच्या हवेपेक्षा उबदार असते. उबदार स्तंभ फुगलेला असतो, त्यात दाब उंचीबरोबर सावकाश घटतो, म्हणून जमिनीवर उत्तरेला दाब कमी असला तरी खूप वर गेल्यावर तो दक्षिणेपेक्षा जास्त होतो. दाबाचा उतार उलटला की वाराही उलटतो. १४ ते १६ किलोमीटरवर वाहणाऱ्या या पूर्वेच्या झोताला पूर्व जेट प्रवाह म्हणतात. क्षैतिज तापमान-फरक आणि उंचीनुसार बदलणारा वारा यांचे हे नाते वातावरण-गतिशास्त्राचा कणा आहे, आणि ते कोणत्याही उपकरणाशिवाय अंगणातून दिसते.

अंदाज वाचताना

हवामान खात्याच्या अंदाजातला प्रत्येक शब्द मोजूनमापून वापरलेला असतो. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार, त्याहून जास्त म्हणजे अत्यंत मुसळधार. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ ५० टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ ७५ टक्क्यांपर्यंत आणि ‘बहुतेक ठिकाणी’ त्याहून अधिक. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असा इशारा असताना आपल्या अंगणात ऊन पडले म्हणून अंदाज चुकला असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याच दिवशी वाळपईचा आकडा पाहून मगच मत बनवावे. रंग हे पावसाचे माप नसून सावधगिरीची पायरी आहेत: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा.

नकाशावर वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते. तिच्यात साडेपाच तास मिळवावेत. वाऱ्याच्या खुणेला एक लांब काडी म्हणजे १० नॉट, अर्धी म्हणजे ५, त्रिकोणी झेंडा म्हणजे ५०, आणि एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. पुढच्या दोन-तीन तासांसाठी पणजीच्या डॉप्लर रडारचे चित्र कोणत्याही पूर्वानुमानापेक्षा उपयोगी पडते: सलग तीन-चार चित्रे पाहून सरी कोणत्या दिशेने, किती वेगाने सरकत आहेत ते ओळखावे. पणजीत राहणाऱ्यांनी त्याच्या शेजारी भरतीची वेळ लिहावी. मांडवीला भरती असताना जोराची सर आली तर नाल्यांतले पाणी बाहेर जाऊ शकत नाही, आणि ओहोटीला सहज निचरा होणारा पाऊस तेव्हा रस्त्यावर साचतो. खाजन जमिनींत (भरतीचे पाणी बांध घालून अडवलेल्या शेतांत) मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची, दारे सांभाळणाऱ्यांना हा मेळ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

चक्रीवादळ किनाऱ्याने जाताना

अरबी समुद्रातली चक्रीवादळे मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात होतात. २००९ च्या नोव्हेंबरातले ‘फयान’ आणि २०२१ च्या मेमधले ‘तौक्ते’ गोव्याच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले. तौक्ते १६ मे रोजी गोव्याजवळून गेले तेव्हा झाडे आणि विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले, वादळाने जमीन मात्र दुसऱ्या दिवशी गुजरातेत गाठली. अशा वेळी बायस बॅलट यांचा नियम उपयोगी पडतो. वादळ नैऋत्येला असते तेव्हा गोव्यात वारा पूर्व-आग्नेयेकडून येतो. ते बरोबर पश्चिमेला आले की वारा दक्षिणेकडचा होतो. पाठ दक्षिणेला केली की डावा हात समुद्राकडे, वादळाच्या केंद्राकडे जातो. ते वायव्येला सरकले की वारा नैऋत्येकडे वळतो. जमिनीलगतच्या घर्षणामुळे केंद्र डाव्या हाताच्या थोडे पुढे असते, हे हिशेबात धरावे.

म्हणजे वारा आग्नेय, दक्षिण, नैऋत्य असा क्रमाने फिरत असेल आणि दाब कालच्या त्याच वेळेच्या तुलनेत पुन्हा चढू लागला असेल तर वादळ उत्तरेला निघून चालले आहे. दिशा मात्र तासन्‌तास न बदलता दाब उतरतच राहिला आणि वेग वाढत गेला, तर ते आपल्याच दिशेने येत असल्याची शक्यता धरावी. या नोंदी खिडकीच्या आतून, फितीकडे पाहून करायच्या आहेत. गच्चीवर किंवा किनाऱ्यावर जाऊन नव्हे. होड्या कधी ओढून घ्यायच्या आणि घर कधी सोडायचे हे वेधशाळेच्या आणि जिल्हा प्रशासनाच्या सूचनांवरूनच ठरवावे, कारण केंद्राचा नेमका मार्ग उपग्रह, रडार आणि शेकडो केंद्रांच्या नोंदी एकत्र करूनच कळतो. दर तासाला दाब, दिशा आणि वेग लिहून ठेवावेत, वीज गेली तर फोनची बॅटरी त्यासाठी राखावी, आणि वादळ गेल्यावर त्याच्या जाहीर झालेल्या मार्गाचा नकाशा घेऊन प्रत्येक तासाची आपली नोंद त्यावर मांडून पाहावी.